लुका टोनी २६ व्या वर्षी चमकला, मग मी २२ व्या वर्षी का सोडू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय २२, उंची सहा फूट एक इंच, स्ट्रायकर. चार वर्षांत पाच संघ झाले. गेल्या मोसमात १९ सामने, त्यातले ११ बदली म्हणून, गोल ३. घरचे म्हणतात पुरे आता, बी.पी.एड. कर नाहीतर रेल्वेच्या भरतीचं बघ. मित्र म्हणतात इटलीच्या स्ट्रायकर लुका टोनीकडे बघ, २६ वर्षांचा होईपर्यंत त्यालाही कुणी विचारत नव्हतं. हे खरं आहे, की नुसती मनाची समजूत?"

तुला सरळ अरे-तुरे करतोय, पोरांशी बोलायची सवय तीच आहे. मी कोल्हापूरचा. एका तालमीच्या संघातून अकरा वर्षं नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या जागी, खेळलो. गुडघ्यानं साथ सोडली तेव्हापासून, म्हणजे अठरा वर्षं, पुढच्या फळीतल्या पोरांना शिकवतोय. इटालियन फुटबॉलचं वेड नव्वदच्या दशकात टीव्हीमुळे लागलं ते सुटलं नाही. त्यामुळे टोनीचं नाव वाचल्यावर गप्प बसवलं नाही.

तुझ्या मित्रांनी सांगितलेली गोष्ट अर्धी खरी आहे. टोनी उशिरा मोठा झाला हे खरं. पण ती गोष्ट सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, की हा माणूस सव्विसाव्या वर्षापर्यंत कुठल्यातरी बाकावर बसून नशिबाची वाट बघत होता, आणि एक दिवस दार उघडलं. तसं काही झालं नव्हतं. तुझा प्रश्न "२२ हे वय उशिराचं आहे का" असा दिसतो, पण त्याच्या पोटात दुसरा आहे: "अजून किती दिवस थांबू?" टोनी थांबला कुठे होता, हेच आधी बघू.

२६ मे १९७७ चा जन्म, गाव पावुलो नेल फ्रिन्यानो, मोडेनाच्या वरच्या डोंगरातलं. सतराव्या वर्षी तो मोडेनाच्या मोठ्या संघात आला. मोडेना तेव्हा सेरी सी-१ मध्ये, म्हणजे तिसऱ्या पातळीवर. दोन वर्षांत ३२ लीग सामने, ७ गोल. मग एम्पोली, दुसरी पातळी, तिथे अख्ख्या मोसमात ३ सामने आणि १ गोल. मग परत खाली, फिओरेंझुओला नावाच्या छोट्या गावाच्या संघात, २६ सामन्यांत २ गोल. नीट वाच. विसावं-एकविसावं वर्ष, तिसरी पातळी, २६ सामने, २ गोल. तुझ्या ३ गोलांनी तू खचलायस ना, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

पुढच्या वर्षी तो लोडिजियानीकडे गेला. रोममधला हा तेव्हा तिसऱ्या नंबरचा क्लब. पुढे रोमाचा मोठा खेळाडू झालेला टोट्टी लहानपणी इथेच होता, नाहीतर बाहेरच्यांना हे नाव ठाऊक असायचं कारण नाही. पातळी तीच, सी-१. ३१ सामने, १५ गोल. त्याच्या पुढच्या वर्षी एक पायरी वर, ट्रेविझो, सेरी बी: ३५ सामने, पुन्हा १५ गोल. मग विचेन्झाकडून थेट सेरी ए, म्हणजे सगळ्यात वरची पातळी, ३१ सामन्यांत ९ गोल, आणि संघ खालच्या पातळीवर घसरला.

२००१ मध्ये ब्रेशियानं त्याला घेतलं. त्याच उन्हाळ्यात ब्रेशियाचा जुना गोलमशीन दारिओ ह्युबनर पियाचेन्झाला गेला होता. ह्या ह्युबनरचं नाव लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. ब्रेशियाला रोबेर्तो बाज्जो होता, गार्डिओला आला होता, प्रशिक्षक म्हणून म्हातारा कार्लो माझोने. पहिल्या मोसमात टोनीचे १३ गोल. दुसरा मोसम फसला, १६ सामने आणि २ गोल.

आता बेरीज कर. मोडेनापासून ब्रेशियापर्यंत सात क्लब, २०२ लीग सामने, ६४ गोल. हा त्याचा पालेर्मोला जाण्याआधीचा हिशेब, आणि ह्यात चषकाचे सामने धरलेलेच नाहीत. तुझ्या वयाला, म्हणजे १९९९ च्या उन्हाळ्यात, त्याच्या नावावर ९२ लीग सामने आणि २५ गोल होते.

म्हणून मी माझ्याकडच्या पोरांना वय विचारत नाही, सामने विचारतो. तू २२ चा आहेस ह्याची मला काळजी वाटत नाही. चार वर्षांत तुझे पूर्ण नव्वद मिनिटांचे सामने किती झाले, ह्याची वाटते. गेल्या मोसमाचंच धर. ८ सामन्यांत तू सुरुवातीपासून होतास. सरासरी ७५ मिनिटं धरली तर ६०० मिनिटं. ११ वेळा बदली म्हणून, प्रत्येकी पंधरा मिनिटं धरू, १६५. एकूण ७६५ मिनिटं, म्हणजे साडेआठ सामने. साडेआठ सामन्यांत ३ गोल वाईट नाहीत, पोरा. वाईट आहे ते साडेआठ सामने. एवढ्याशा खेळावर तू स्ट्रायकर आहेस की नाहीस हे तुलाही कळणार नाही, मलाही नाही आणि तुझ्या वडिलांनाही नाही.

ह्या जागेवरची एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. बचावपटू सरावात घडवता येतो, बऱ्याच अंशी. गोलकीपरही. नऊ नंबरचं तसं होत नाही. ज्या अर्ध्या सेकंदात सेंटर-बॅकचं, म्हणजे मधल्या बचावपटूचं, लक्ष चेंडूकडे वळतं आणि तुझ्यावरून सुटतं, तो अर्धा सेकंद सरावात येत नाही, कारण सरावात समोरचा डिफेंडर तुझाच दोस्त असतो आणि तू कुठे पळणार हे त्याला पाठ असतं. तो क्षण ओळखायला अनोळखी माणसं समोर लागतात, दर आठवड्याला नवी, आणि हरलं तर पैसे कापले जातील अशा भीतीनं खेळणारी. सेरी सी-१ मध्ये टोनीला हेच मिळालं. इटलीतले तिसऱ्या पातळीवरचे बचावपटू, म्हणजे अर्धे तिशी ओलांडलेले, कोपर कुठे मारायचं ते जाणणारे. त्यांच्यात चार मोसम काढलेल्याला पुढे कुणाचं भय वाटणार?

आता फिओरेंझुओलाचे २ गोल आणि लगेच लोडिजियानीचे १५, ह्यात काय बदललं? आतली गोष्ट त्यालाच माहीत. मी माझा तर्क सांगतो. एक तर उंच पोरांचं शरीर उशिरा जुळून येतं. टोनी जवळपास सहा फूट चार इंच. असल्या पोराचे पाय अठराव्या वर्षी त्याचं ऐकत नाहीत, उडी चेंडू गेल्यावर येते, वळायला ट्रकइतकी जागा लागते. विशी उलटली की हे आपोआप बसायला लागतं. दुसरं, संघ. स्ट्रायकरचे गोल अर्धे त्याचे असतात, अर्धे त्याला चेंडू देणाऱ्याचे.

पहिल्या मुद्द्यावर मी स्वतः तोंडघशी पडलोय. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक ताडमाड पोरगा होता, सतरा-अठराचा. पळताना हातपाय चार दिशांना. मी त्याला दोन मोसम बाकावर ठेवला आणि "अजून तयार नाहीस" म्हणत राहिलो. शेवटी कंटाळून तो दुसऱ्या पेठेतल्या लहान संघात गेला, जिथे नऊ नंबरला दुसरं कुणी नव्हतंच. वर्षभरात त्यानं आमच्याच विरुद्ध दोन गोल घातले, दोन्ही डोक्यानं. तो तयार नव्हता कारण मी त्याला खेळवत नव्हतो, एवढी साधी गोष्ट मला शाहू स्टेडियमच्या भरलेल्या गॅलरीसमोर कळली. त्या दिवशी कोल्हापूरकरांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर टोनीची पुढची सगळी कारकीर्द म्हणजे पुरावाच आहे.

२००३. वय २६. ब्रेशियाचा मोसम फसलेला, पण तरी तो सेरी ए मधला खेळाडू. आणि त्यानं काय केलं? एक पायरी खाली उतरला. सिसिलीतला पालेर्मो, सेरी बी. झाम्पारिनी नावाच्या मालकानं आदल्या वर्षीच क्लब विकत घेतला होता आणि त्याला काहीही करून वर जायचं होतं. मधल्या फळीत युजेनियो कोरिनी, ज्याची फ्री-किक आणि कॉर्नर म्हणजे घरपोच माल. जानेवारीत प्रशिक्षक बदलून ग्विदोलिन आले, डाव्या बाजूला फाबियो ग्रोसो आला. हो, तोच, ज्यानं पुढे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटची पेनल्टी मारली. सगळा संघ बॉक्समधल्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनातल्या, एका उंच माणसाकडे चेंडू पोचवण्यासाठी जुळवलेला. त्या वर्षी सेरी बी मध्ये कातानिया क्लबच्या वादामुळे तब्बल २४ संघ होते आणि ४६ फेऱ्या. टोनी त्यातले ४५ सामने खेळला आणि ३० गोल केले. पालेर्मो लीग जिंकून ३१ वर्षांनी सेरी ए मध्ये परतला.

लोकांना ३० गोल दिसतात. मला ४५ सामने दिसतात.

पुढचं तुला माहीत असेल, भरभर सांगतो. ऑगस्ट २००४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, इटलीकडून पहिला सामना. २००४-०५ मध्ये सेरी ए मध्ये २० गोल आणि पालेर्मो सहावा. मग फिओरेन्टिना, प्रशिक्षक प्रान्देल्ली, आणि २००५-०६ चा तो मोसम: ३८ सामने, ३१ गोल. सेरी ए मध्ये एका मोसमात तीस गोल ओलांडणं १९५८-५९ मध्ये अँजेलिलोनं ३३ केले त्यानंतर कुणाला जमलं नव्हतं. युरोपियन गोल्डन शू, म्हणजे युरोपातल्या लीगमधल्या गोल करणाऱ्यांत अव्वल ठरणाऱ्याचं बक्षीस, मिळवणारा तो पहिला इटालियन. त्याच्या आधी ज्या देशात रिवा, रोस्सी, विएरी, बाज्जो झाले, त्या देशातला पहिला, आणि तो आठ वर्षांपूर्वी फिओरेंझुओलात २ गोलांवर अडकलेला होता.

२००६ च्या विश्वचषकात मात्र पहिल्या चार सामन्यांत त्याला एकही गोल नाही. इटलीत त्याच्यावर टीका सुरू झाली. हॅम्बुर्गला उपांत्यपूर्व सामन्यात युक्रेनविरुद्ध दोन आले. बर्लिनच्या अंतिम सामन्यात पिर्लोच्या कॉर्नरवर त्याचं हेडर आडव्या दांडीला लागलं, दुसऱ्या डावात डोक्यानं घातलेला गोल ऑफसाइड ठरला. विश्वविजेता झाला, पण अंतिम सामन्यात नावावर गोल नाही. मग बायर्न म्युनिक: पहिल्याच मोसमात बुंडेसलीगात ३१ सामन्यांत २४ गोल, सर्वाधिक. वय ३१ व्हायला आलेलं.

त्याच्या पुढचा भाग कुणी सांगत नाही, आणि तुझ्यासाठी तोच जास्त कामाचा आहे. फान खाल प्रशिक्षक म्हणून आले आणि टोनी संघाबाहेर. जानेवारी २०१० मध्ये रोमाला लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, मग जेनोआ, मग युव्हेंटस, मग जानेवारी २०१२ मध्ये दुबईचा अल नस्र. दोन वर्षांत चार क्लब. गोल बोटांवर मोजण्याइतके. दुबईला गेलेला पस्तिशीचा इटालियन म्हटल्यावर सगळ्यांनी मनातल्या मनात नारळ दिलेला होता. तो परत फिओरेन्टिनात आला, एक वर्ष काढलं, ८ गोल. आणि २०१३ मध्ये वेरोना. अकरा वर्षांनी सेरी ए मध्ये परतलेला संघ. पहिल्याच दिवशी मिलानविरुद्ध २-१, दोन्ही गोल टोनीचे. मोसमअखेर २०. पुढच्या मोसमात २२, मौरो इकार्दीच्या बरोबरीनं लीगमध्ये सर्वाधिक. मोसम संपता संपता वय ३८.

हे सगळं एका ओळीत ठेवून बघ. विसाव्या वर्षी गोल नाहीत, एकविसाव्या वर्षी आहेत. पंचविसाव्या वर्षी नाहीत, सव्विसाव्या वर्षी आहेत. तेहतिसाव्या वर्षी नाहीत, सदतिसाव्या वर्षी आहेत. माणूस तोच. युव्हेंटसमधला टोनी वेरोनातल्या टोनीपेक्षा तरुण होता! दर वेळी बदललं ते एवढंच, की तो संघाचा पहिल्या पसंतीचा नऊ नंबर होता की नाही आणि चेंडू बॉक्समध्ये येत होते की नाही.

ह्याचा अर्थ "दोष संघाचा, माझा नाही" असा घेऊन बसू नकोस. पोरं हे वाक्य फार आवडीनं उचलतात. चेंडू आला तेव्हा टोनी तिथे असायचा. दिसायला देखणा खेळ नव्हता त्याचा. गुडघ्यानं, नडगीनं, खांद्यानं गोल. दोन सेंटर-बॅकच्या मधल्या फटीत उभा राहायचा, हात जरा फाकवून, म्हणजे मागचा कुठे आहे हे पाठीनंच कळतं. क्रॉस, म्हणजे कडेनं आत मारलेला चेंडू, यायच्या आधी दूरच्या पोस्टकडे एक-दोन पावलं, डिफेंडर तिकडे सरकला की झटक्यात पुढे. तुझ्याएवढ्या उंचीच्या पोराला हे शिकता येतं. त्याला वेग फारसा लागत नाही, आणि म्हणूनच ते वयाबरोबर जात नाही. उलट विंगरचं, म्हणजे कडेनं पळणाऱ्याचं, पोट पायांच्या वेगावर. त्यानं टोनीशी अशी तुलना करू नये.

आता जिथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे ती जागा. टोनीची गोष्ट घडली त्या काळी इटलीत १२८ व्यावसायिक संघ होते: सेरी ए मध्ये १८, बी मध्ये २०, सी-१ मध्ये ३६, सी-२ मध्ये ५४. तिसऱ्या पातळीवर २ गोल केलेल्या एकविशीच्या पोरालाही पगार देणारा पुढचा क्लब मिळत होता. लोन तर होतंच, शिवाय एका खेळाडूची अर्धी-अर्धी मालकी दोन क्लबांनी वाटून घ्यायची पद्धत होती, ती २०१४ मध्ये बंद झाली. त्यामुळे मोठा क्लब पोरगा सोडून न देता खाली पाठवून खेळवत ठेवायचा. आपल्याकडे आयएसएल (इंडियन सुपर लीग) आणि तिच्या खालची पातळी मिळून पंचवीसेक संघ, आणि त्यातल्या बहुतेकांत नऊ नंबरवर परदेशी माणूस. मार्को मातेराझ्झी चेन्नईयिनचा प्रशिक्षक होता, देल पिएरो दिल्लीकडून खेळून गेला, टोनीचे विश्वचषकातले हे सोबती आपल्या मैदानांवर दिसले. पण त्यांच्या देशातली शिडी आपल्याकडे आली नाही. तेव्हा "टोनीला जमलं तर मला का नाही" ह्याचं खरं उत्तर असं, की तो पडला तर झेलायला खाली तीन मजले होते, तुला एखादाच आहे.

आणि दुसरं. टोनी आपल्याला माहीत आहे कारण तो पोचला. लोडिजियानीत त्याच्याबरोबर खेळलेल्या आणि न पोचलेल्या पोरांवर कुणी लिहीत नाही.

ह्युबनरचं सांगतो म्हणालो होतो. हा टोनीच्याही वरचा. आधी ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवायचं काम करायचा. सेरी ए मधला पहिला सामना तिसाव्या वर्षी. सेरी सी-१, सेरी बी आणि सेरी ए, तिन्हीकडे कधी ना कधी सर्वाधिक गोल करून दाखवले, शेवटचं २००१-०२ मध्ये पियाचेन्झाकडून २४ गोल, त्रेझेगेच्या बरोबरीनं, पस्तिसाव्या वर्षी. टोनीनं २०१५ मध्ये वयाचा विक्रम मोडला तो ह्याचाच. (सिगारेट ओढायचा, आणि लपवायचाही नाही. तेवढं सोडून बाकी घे.) त्याच्याही बाबतीत तेच: उशीर झाला असं आपण म्हणतो, पण तो दर रविवारी खालच्या पातळीवर गोल घालतच होता. मोठ्या क्लबांना दिसायला उशीर झाला.

तेव्हा तू काय करावंस. मी तुला खेळताना बघितलेलं नाही, त्यामुळे "सोड" किंवा "सोडू नको" असं सांगणं म्हणजे ज्योतिष होईल. पण निर्णय कशावर घ्यायचा ते सांगू शकतो.

आधी एक वही कर. मोबाइलमध्ये नको, वहीच. पुढच्या दहा सामन्यांत प्रत्येक वेळी लिही: किती मिनिटं खेळलो, बॉक्समध्ये माझ्या आसपास किती चेंडू आले, त्यातले किती मी गाठले, किती गोलच्या दिशेनं मारले. मित्राला गॅलरीत बसवून मोजायला लाव, स्वतःच्या आठवणीवर जाऊ नको, आठवण नेहमी आपल्या बाजूनं बोलते. चेंडू येतात आणि तू गाठत नाहीस असं निघालं, तर दोष तुझ्या हालचालीत आहे आणि त्यावर काम करता येतं. गाठतोस पण दिशा चुकते, तर ते आणखी सोपं, रोज शंभर फटके आणि पन्नास हेडर. चेंडूच येत नाहीत असं निघालं, तर संघ बदल. आणि मिनिटंच नाहीत, तर संघ आजच बदल.

संघ निवडताना नाव बघू नको. तू पाच संघ बदललेस, पण प्रत्येक वेळी वरच्या नावाकडे गेलास असा माझा अंदाज आहे, नाहीतर ११ सामने बाकावरून आला नसतास. नव्या प्रशिक्षकाला मोकळेपणानं विचार: नऊ नंबरला तुमची पहिली पसंती कोण? बाजूनं क्रॉस कोण घालणार? वर्षात सामने किती? ह्या शेवटच्याकडे आपल्याकडे कुणी बघत नाही. बाद फेरीच्या स्पर्धा खेळणाऱ्या संघात पहिल्याच सामन्यात हरलात की महिनाभर रिकामे. पंचवीस सामन्यांची लीग खेळणारा साधा संघ त्यापेक्षा बरा. टोनी सेरी ए सोडून पालेर्मोला उतरला तेव्हा त्याला कमीपणा वाटला असेल की नसेल, पण ४५ सामने मिळाले.

हे करायला दोन मोसम घे. दोनच का? कारण उंच पोराचं शरीर चोविसाव्या वर्षापर्यंत बसून गेलेलं असतं, आणि सलग दोन मोसम पूर्ण खेळल्यावर जे दिसतं ते बहुतेक खरं असतं. एका मोसमावर विश्वास ठेवू नको, चांगल्याही आणि वाईटही. फिओरेंझुओलाच्या मोसमावर टोनीची परीक्षा घेतली असती तर तो नापास होता. पण दोन मोसम नियमित खेळून, चेंडू मिळूनही गोल येत नसतील, तर स्वतःला फसवू नको.

आणि वडिलांचं म्हणणं बाजूला टाकू नको. बी.पी.एड. आणि फुटबॉल ह्यांत भांडण नाही, माझ्याकडच्या किमान सहा-सात पोरांनी दोन्ही केलं. रेल्वे, पोलीस ह्यांच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीला वयाची अट असते आणि कुठल्या पातळीवर खेळलात ह्याची कागदपत्रं लागतात, ती जाहिरात नीट वाच. विभागीय संघातून खेळणं म्हणजे फुटबॉल सोडणं नव्हे. उलट तिथे पगार ठरलेला आणि सामने भरपूर, म्हणजे तुला हवं ते. वडिलांशी बोलताना टोनीचं नाव काढू नकोस, त्यांना ते पटणार नाही. वही दाखव आणि दोन मोसमांची मुदत स्वतःहून सांग.

शेवटी टोनीचा निरोप. मे २०१६, वेरोनाचं बेन्तेगोदी मैदान, समोर विजेता ठरलेला युव्हेंटस. वेरोना त्या मोसमात तळाला, खाली जाणं आधीच नक्की. टोनीचेही लीगमधले गोल जेमतेम सहा, एकोणचाळिशी आलेली. पेनल्टी मिळाली. त्यानं गोलकीपरला आडवं पडू दिलं आणि चेंडू अलगद मधून उचलून टाकला. वेरोना २-१ नं जिंकला. मग कानाजवळ हात फिरवण्याची ती त्याची नेहमीची खूण. माझा मुलगा शेजारी बसून बघत होता, म्हणाला, बाबा, एवढ्या म्हाताऱ्याला कुणी धरलं कसं नाही? मी म्हटलं, पावणेदोनशे सामने खाली खेळून आलाय तो.

दहा सामने झाले की वहीतले आकडे इथेच लिही. मिनिटांचा रकाना आधी.